कडू खाणारी माणसं: कष्टांचे चिनी वाक्प्रचार, आणि ते कुणी कुणाला म्हणायचे

सूचौकर
(शनिवार, रात्री ९:१०)

सूचौमध्ये राहून मला नऊ वर्षं झाली. शांघायपासून वेगवान आगगाडीने अर्ध्या तासावरचं, कालव्यांचं आणि रेशमाचं गाव. आमच्या घरमालकीणबाईंनी सत्तरी ओलांडली आहे. त्यांना मी 'आयी' म्हणते. चिनीत आयी म्हणजे मावशी. पहिल्या वर्षी फोनवर बोलताना माझ्या आईने ही हाक ऐकली आणि "परक्या देशात आणखी एक आई केलीस होय," म्हणाली. आता नऊ वर्षांनी वाटतं, आईचं फारसं चुकलं नव्हतं.

मागच्या महिन्यात आमच्या कारखान्यातून विशीतला एक मुलगा तीन महिन्यांत काम सोडून गेला. हनान प्रांतातल्या खेड्यातून आलेला. बारा तास उभ्याने काम, एका खोलीत आठ जण. सुपरवायझर म्हणाला, "हल्लीच्या पोरांना छ्र खू जमत नाही." छ्र म्हणजे खाणे, खू म्हणजे कडू. कडू खाणे, म्हणजे कष्ट सोसणे. इथे हा शब्द दिवसातून चारदा कानावर पडतो.

संध्याकाळी आयींना हे सांगितलं. त्या शेंगा सोलत होत्या. त्यांना बरं वाटेल म्हणून मी म्हटलं, "तुमच्या पिढीने मात्र किती कडू खाल्लं!" त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, "हे माझ्या मुलाने माझ्याबद्दल म्हणावं. साहेबाने त्या पोराला म्हणू नये. ताटात कडू वाढणारा तोच ना?"

तेव्हापासून कष्टांचा कुठलाही वाक्प्रचार ऐकला की मी आधी बघते, बोलतंय कोण आणि कुणाला. म्हणून हा धागा.

थोडं उच्चारांबद्दल. चिनी वाक्प्रचारांना छंग-यू म्हणतात. बहुतेक चार अक्षरांचे, आणि चार अक्षरांमागे अख्खी गोष्ट. आपली देवनागरी इथे रोमनपेक्षा कामाची आहे. चिनीत प-फ, त-थ, क-ख हा फरक आपल्यासारखाच श्वासाचा आहे, आणि रोमन लिपीतले ब, द, ग प्रत्यक्षात प, त, क असे ऐकू येतात. म्हणून मी पेइचिंग लिहीन, बीजिंग नाही. सूर मात्र लिहून दाखवता येत नाहीत.

पहिली गोष्ट मी राहते त्या गावाचीच. सूचौ ही प्राचीन वू राज्याची राजधानी. दक्षिणेला युए राज्य, आजच्या शाओशिंगच्या परिसरात. इ.स.पू. ४९४ मध्ये वूचा राजा फूछाय याने युएच्या कौच्येनला हरवलं. कौच्येन शरण आला, वूच्या राजाची चाकरी करून परतला, आणि अपमान विसरू नये म्हणून त्याने बसायच्या जागी पित्ताशय टांगून ठेवलं. जेवायच्या आधी ते चाटायचं आणि स्वतःला विचारायचं, हरल्याची लाज विसरलास का? इ.स.पू. ४७३ मध्ये त्याने वू राज्य संपवलं. यावरून 'वो शिन छांग तान': सरपणावर झोपणे, पित्त चाखणे. सिमा छ्येनच्या जुन्या इतिहासात फक्त पित्त आहे. सरपणाची शेज पुढे सुंग काळात (दहावं ते तेरावं शतक) जोडली गेली.

शाळेत गोष्ट इथे संपते. आयींनी मला पुढची सांगितली. कौच्येनबरोबर सगळं सोसलेले दोन मंत्री होते. विजय मिळताच फान ली राज्य सोडून निघून गेला आणि दुसऱ्याला, वन चुंगला, त्याने पत्र लिहिलं: पाखरं संपली की चांगलं धनुष्य कोठीत जातं, ससे संपले की शिकारी कुत्रा शिजवला जातो, या राजाबरोबर दुःख वाटून घेता येईल, सुख नाही. वन चुंग थांबला. राजाने त्याला तलवार पाठवली, स्वतःचा जीव घेण्यासाठी.

पित्त राजाने चाखलं हे खरंच. पण वाक्प्रचार राजाच्या नावावर झाला आणि कुत्र्याचा वाक्प्रचार त्याच्यासाठी राबणाऱ्यांच्या वाट्याला आला. कौच्येनची म्हणून ओळखली जाणारी तलवार १९६५ मध्ये हूपेइ प्रांतातल्या एका थडग्यात सापडली, पात्यावर त्याचं नाव आहे. दोन हजारांहून अधिक वर्षं जमिनीखाली राहूनही धार शाबूत होती. वूहानच्या संग्रहालयात ती बघताना माझ्या डोक्यात वन चुंगच होता.

तुम्हाला माहीत असलेले सांगा. चीनशी संबंध आलेले बरेच जण इथे आहेत.

---

माईआजी
(शनिवार, रात्री १०:०२)

बाळा, फार मनापासून लिहिलंयस. एक सांगू? कडू खाणं मला परकं वाटलंच नाही. आपण 'खस्ता खातो'. टक्केटोणपे खातो, मार खातो, बोलणी खातो. माझी आई म्हणायची, "तुमच्या आज्ज्यानं खस्ता खाल्ल्या म्हणून तुम्ही दोन घास खाताय." म्हणजे आपल्याकडेही कष्ट तोंडावाटेच आत जातात. आणि तुझ्या आयींचं म्हणणं इथेही लागू आहे बघ. "मी खस्ता खाल्ल्या" असं आईने स्वतःबद्दल कधीच म्हटलं नाही. पहाटे चारला उठून ती जात्यावर बसायची.

---

निवडुंग
(शनिवार, रात्री ११:२५)

मी शाळेत शिकवते. मुलांना दरवर्षी सांगते ती गोष्ट: हान काळातल्या ख्वांग हंग नावाच्या गरीब मुलाकडे दिव्याला तेल नव्हतं, म्हणून त्याने भिंतीला भोक पाडून शेजाऱ्याच्या उजेडात अभ्यास केला. पुढे तो सम्राटाचा मुख्य मंत्री झाला. याचा वाक्प्रचार काय आहे? आणि पिशवीत काजवे भरून वाचणारा मुलगा कोण?

---

चिकित्सक
(रविवार, सकाळी ७:४०)

निवडुंग, पहिला 'त्साओ पी थौ क्वांग', भिंत पोखरून उजेड चोरणे. त्या गोष्टीचा दुसरा भाग मला जास्त आवडतो. त्याच गावात एका श्रीमंताकडे पुस्तकं होती. ख्वांग हंग त्याच्याकडे गडी म्हणून राहिला आणि मजुरी घेईना. मालकाने कारण विचारलं तर म्हणाला, तुमची सगळी पुस्तकं वाचायला मिळावीत, एवढंच. शेवट मात्र गोष्टीच्या पुस्तकांत नसतो. हान राजवंशाच्या इतिहासात लिहिलं आहे की मंत्री झाल्यावर इनामाच्या हद्दीबाहेरची ४०० छिंग (छिंग हे जमिनीचं जुनं माप) जमीन त्याने आपल्याकडे ठेवली आणि तिचा खंड खाल्ला, म्हणून त्याचं पद गेलं.

काजवेवाला छ यिन, आणि त्याच्या जोडीला बर्फावरून परावर्तित झालेल्या उजेडात वाचणारा सुन खांग. दोघे मिळून 'नांग यिंग यिंग श्युए'. दोघे चिन राजवटीतले, आणि दोघे पुढे मोठे अधिकारी झाले. या सगळ्या गोष्टींतलं साम्य हेच. ज्याने काजवे पकडले, पण जो अधिकारी झाला नाही, त्याचा वाक्प्रचार होत नाही.

सर्वांत धक्का मला 'श्वेइ ती श्र छ्वान'चा बसला. थेंब पडून दगडाला भोक पडतं. आज शाळेच्या भिंतीवर चिकाटीचा धडा म्हणून लिहितात. ही चार अक्षरं प्रसिद्ध झाली ती एका निकालपत्रातून. सुंग काळात छुंगयांग इथे चांग नावाचा न्यायाधिकारी होता. खजिन्यातून बाहेर येणाऱ्या कारकुनाच्या कानशिलाजवळ, डोक्याच्या रुमालाखाली एक नाणं लपवलेलं त्याला दिसलं. फटके मारायचा हुकूम झाला. कारकून ओरडला, "एका नाण्याचं काय एवढं! मला मारू शकाल, जिवे नाही मारू शकणार." चांगने लेखणी उचलली आणि लिहिलं: दिवसाला एक नाणं, हजार दिवसांत हजार नाणी, दोरीने करवतून लाकूड तुटतं, थेंबाने दगड भेदला जातो. मग स्वतः तलवार घेऊन त्याचं डोकं उडवलं.

थेंबे थेंबे तळे साचे म्हणताना आपल्याला तळं दिसतं. त्या निकालात थेंब हा चोर होता.

---

घाटमाथा
(रविवार, सकाळी ११:१५)

थेंबाची गोष्ट वाचून सुन्न झालो.

मी सोलापूरचा, त्यामुळे चीन म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९१० चा जन्म, आमच्या गावचे. १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून गेले. बाकीचे परतले, ते राहिले. चिनी शिकले, चिनी नाव घेतलं: ख तीह्वा. चीनमध्ये काम केलेले कॅनेडियन डॉक्टर बेथून यांच्या नावाच्या रुग्णालयाचे ते प्रमुख होते. तिथल्याच परिचारिका क्वो छिंगलान यांच्याशी लग्न केलं आणि मुलाचं नाव यिनह्वा ठेवलं. यिन म्हणजे भारत, ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला गेले, तेव्हा वय ३२. अशा माणसासाठी चिनीत कोणता वाक्प्रचार वापरतात, सूचौकर? "कडू खाल्लं" म्हणणं मला पुरेसं वाटत नाही.

---

सूचौकर
(रविवार, दुपारी १:३०)

घाटमाथा, अशा माणसांसाठी 'चू कुंग चिन त्स्वेइ' म्हणतात. कमरेत वाकून, झिजून जाईपर्यंत काम करणे. आणि लगेच पुढची चार अक्षरं येतात: मेल्यावरच थांबणे. तिसऱ्या शतकातला मंत्री चू-क ल्यांग याने राजाला लिहिलेला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अर्जातले हे शब्द. श्र-च्याच्वांग शहरात कोटणीसांची समाधी आहे. मी एकदा गेले होते. थंडी फार होती आणि तरी कुणीतरी ताजी फुलं ठेवून गेलं होतं.

चिकित्सक, निकालपत्राची गोष्ट मला अर्धीच माहीत होती. आभार.

---

चिकित्सक
(रविवार, दुपारी ३:०५)

पण मग तुमच्या आयींचा नियम इथे मोडतो. चू-क ल्यांग हे स्वतःबद्दल म्हणतो. (तो अर्ज त्याचाच आहे का यावर अभ्यासकांत वाद आहे, तरी शब्द त्याच्या तोंडचे म्हणूनच चालत आलेत.)

---

सूचौकर
(रविवार, दुपारी ४:२०)

बरोबर. पण तो आधी केलेल्या कष्टांचा हिशेब मांडत नाही, पुढे काय करीन याचा शब्द देतो. शब्द स्वतःचा स्वतःलाच द्यावा लागतो. हिशेब मात्र दुसऱ्याने मांडायचा असतो, असं मला वाटतं.

याच्या उलट 'हान शिन रू खू' बघा. तिखट तोंडात धरणे, कडू गिळणे. विशेषतः आईवडिलांनी मुलं वाढवताना काढलेल्या दिवसांसाठी. नवऱ्यामागे एकटीने मुलं वाढवणाऱ्या बाईबद्दल मुलगा लग्नात भाषण करताना हे म्हणेल. बाई स्वतः म्हणाली तर ऐकणारे खाली बघतील.

---

रात्रपाळी
(रविवार, रात्री ११:५०)

एका चिनी मोबाइल कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात काम करतो. चिनी सहकाऱ्यांशी रोजचं बोलणं. त्यांच्या वयाची मुलं आज काय बोलतात ते लिहितो, कारण जुने वाक्प्रचार त्यांना पाठ असतात पण ते स्वतःसाठी वापरत नाहीत.

ते स्वतःला 'न्यौमा' म्हणतात, बैल-घोडे. जुन्या भाषेत कुणाच्या उपकारांची फेड म्हणून "पुढच्या जन्मी तुझा बैल होईन, घोडा होईन" म्हणायचे. यांनी जन्म तोच ठेवला आणि उपकार काढून टाकले. 'मो यू' म्हणजे मासे चाचपणे, कामाच्या वेळात गुपचूप दुसरं काही करणे. 'नेइच्वेन' म्हणजे आतल्या आत गुंडाळत जाणे: सगळेच जास्त राबतात आणि कुणीच पुढे जात नाही. 'थांग फिंग' म्हणजे आडवं पडून राहणे. एप्रिल २०२१ मध्ये एका साध्या माणसाने इंटरनेटवर लिहिलं की मी आडवा पडतो, गरजा कमी ठेवतो, आणि तो शब्द देशभर झाला.

त्याच्या मागे '९९६' आहे. सकाळी नऊ ते रात्री नऊ, आठवड्याचे सहा दिवस. २०१९ मध्ये प्रोग्रामरांनी '९९६ डॉट आयसीयू' नावाचं पान सुरू केलं: असं काम करत राहिलात तर अतिदक्षता विभागात जाल. त्याच वर्षी जॅक मा म्हणाले की ९९६ करायला मिळणं हे 'फूपाओ' आहे, पूर्वपुण्याचं फळ. ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ९९६ बेकायदेशीर असल्याचं स्पष्ट केलं. माझे सहकारी अजून साडेनऊच्या आधी निघत नाहीत.

आणि मे २०२३. शी चिनफिंग यांनी कृषी विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना पत्र लिहिलं, तरुणांनी 'त्स चाओ खू छ्र' करावं. स्वतःहून कडू शोधून खावं. रोजच्या बोलण्यात असं म्हणणं म्हणजे ओढवून घेतलेलं दुखणं. त्या महिन्यात माझ्या एका सहकाऱ्याने जेवायच्या सुट्टीत मला विचारलं, "तुमच्याकडे कडू शोधावं लागतं का? आमच्याकडे घरपोच येतं." तो हसला नाही, मीही हसलो नाही.

सूचौकर, ज्या मुलाने तीन महिन्यांत काम सोडलं तो पुढे काय करतोय, कळलं का?

---

निवडुंग
(सोमवार, सकाळी ६:५०)

रात्रपाळी, तुमचा प्रतिसाद वाचून रात्री झोप लागली नाही. माझा भाचा हिंजवडीत आहे.

पण एक विचारते. मुलांना मी मग काय सांगू? लोखंडी मुसळ घासून सुई करणारी म्हातारी सांगू नको? ली पाय लहानपणी अभ्यास सोडून निघाला होता, ओढ्यावर ती म्हातारी भेटली, "घासत राहिलं की होते सुई" म्हणाली, तो परत फिरला आणि थांग काळातला सर्वांत मोठा कवी झाला. मला ती गोष्ट अजूनही खरी वाटते. ती म्हातारी त्याला उपदेश करत नाही. ती स्वतः घासत असते.

---

सूचौकर
(सोमवार, सकाळी ८:१५)

निवडुंग, अवश्य सांगा. तुम्हीच कारण लिहिलंत: म्हातारीच्या हातात मुसळ आहे. सछ्वानमध्ये मेइशानजवळ त्या ओढ्याचं नावच सुई घासायचा ओढा आहे. आणि आपण ज्याला मारामारी समजतो त्या 'कुंगफू'चा अर्थ हाच. त्या म्हणीत म्हटलंय, कुंगफू खोल असलं की मुसळाची सुई होते. कुंगफू म्हणजे एखाद्या गोष्टीत घातलेला वेळ आणि मेहनत. चहा ओतण्याचंही कुंगफू असतं.

जोडीला 'पा म्याओ चू चांग' सांगा. प्राचीन सुंग राज्यातला शेतकरी रोपं लवकर वाढावीत म्हणून एकेक रोप वर ओढून येतो आणि घरी सांगतो, "आज फार दमलो, रोपांना वाढायला मदत केली." मुलगा पळत शेतावर जातो, तर सगळी रोपं वाळलेली. प्राचीन चिनी तत्त्वज्ञ मेन्शियसने सांगितलेली गोष्ट. तो माणूस खरोखर दमलेला असतो, हे मला फार लागतं. दमणं म्हणजे काम होणं नव्हे.

रात्रपाळी, त्या मुलाचं कळलं. तो हांगचौला घरपोच जेवण पोचवायच्या कामाला लागलाय. मित्राला म्हणाला, तास तेवढेच आहेत, पण वरून कुणी बोलत नाही.

---

घाटमाथा
(सोमवार, दुपारी २:४०)

डोंगर हलवणारा म्हातारा राहिला. 'यू कुंग यी शान'. नव्वदीचा म्हातारा, घरासमोर थायहांग आणि वांगवू असे दोन डोंगर. तो मुलानातवंडांना घेऊन खणायला लागतो. बायको विचारते, माती टाकणार कुठे? पोहाय समुद्रात. एक खेप करून यायला हिवाळ्याचा उन्हाळा होतो. शेजारच्या विधवेचा दुधाचे दात पडणारा मुलगा उड्या मारत मदतीला येतो. शहाणा म्हातारा हसतो तेव्हा हा म्हणतो, मी मेलो तर मुलगा आहे, त्याला मुलगा होईल, डोंगर मात्र वाढणार नाही. शेवटी देव डोंगर उचलून नेतात.

११ जून १९४५ ला माओने पक्षाच्या सातव्या अधिवेशनाचा समारोप याच गोष्टीने केला. दोन डोंगर म्हणजे साम्राज्यवाद आणि सरंजामशाही, आणि देव म्हणजे जनता. सांस्कृतिक क्रांतीत ते भाषण आणि डॉ. बेथूनवरचा लेख लोकांना पाठ करावा लागे. आमच्या कोटणीसांनी ज्या बेथूनच्या नावाच्या रुग्णालयात जीव ओतला, तेच हे बेथून.

आणि खऱ्या थायहांग डोंगरात काय झालं? हनानच्या लिनश्येन तालुक्यात प्यायला पाणी नव्हतं. फेब्रुवारी १९६० मध्ये, दुष्काळ आणि उपासमारीच्या ऐन वर्षांत, लोकांनी कड्यांतून कालवा खोदायला घेतला. दोरावर लटकून, छिन्नी-हातोड्याने. १९६९ पर्यंत चाललं. फाट्यांसकट कालव्याची लांबी सुमारे १,५०० किलोमीटर. 'लाल झेंडा कालवा'. काम करताना ८१ माणसं गेली. मी सिंचन खात्यात नोकरी केली, कड्यातून पाट काढणं काय असतं ते बघितलंय. तो कालवा आजही वाहतो. अशा वेळी यू कुंगची गोष्ट पुढाऱ्याची की खणणाऱ्याची, हे मला ठरवता येत नाही.

---

चिकित्सक
(सोमवार, रात्री ९:३०)

घाटमाथा, उत्तम. खणणाऱ्यांवरून एक शब्द, जो आपल्याकडून तिकडे गेला.

चिनीत 'खू ली' म्हणजे अंगमेहनतीचा मजूर. अक्षरं: कडू आणि बळ. बघितलं की अस्सल चिनी वाटतो. पण हा आपला 'कुली' आहे. तमिळ कूली, म्हणजे मजुरी, हे त्याचं मूळ असं बरेच जण मानतात. काही जण तो गुजरात-कोकणाकडच्या कोळ्यांशी जोडतात. युरोपीय व्यापाऱ्यांच्या तोंडून तो चिनी बंदरांत पोचला आणि चिनी लोकांनी ध्वनीला जुळतील अशी अक्षरं निवडताना नेमकी ही दोन निवडली. भारतीय मजूर मॉरिशस-त्रिनिदादला गेले, चिनी मजूर क्यूबा-पेरूला, आणि दोघांना एकच शब्द लागला.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडाच्या डोंगरांतून रेल्वे नेली ती मुख्यतः क्वांगतुंगच्या मजुरांनी. जून १८६७ मध्ये त्यांतल्या ३,००० हून अधिक लोकांनी एकदम हत्यारं खाली ठेवली. गोऱ्या मजुरांइतका पगार आणि कमी तास हवेत, एवढंच मागणं. दंगा नाही, आरडाओरडा नाही. कंपनीने त्यांचा शिधा बंद केला. आठवडाभरात संप मोडला. कडू आणि बळ ही दोन्ही अक्षरं होतीच, फक्त खायला काही नव्हतं.

त्याच क्वांगतुंग-हाँगकाँगच्या बोलीत आजही म्हणतात, 'सौ थिंग, हौ थिंग'. हात थांबला, तोंड थांबलं.

---

माईआजी
(सोमवार, रात्री १०:१०)

हातावर पोट.

बाळा, तुझ्या आयींना एक विचारशील का? सगळ्या जगाचे वाक्प्रचार झाले, त्या स्वतःबद्दल काय म्हणतात?

---

सूचौकर
(बुधवार, रात्री ९:४५)

माईआजी, काल विचारलं.

आधी त्यांची हकीकत सांगते, त्यांच्या परवानगीने. १९६९ मध्ये, शाळा संपत असताना, त्यांना उत्तर च्यांगसूच्या खेड्यात पाठवलं. त्या काळात शहरांतल्या दीड कोटीहून जास्त मुलामुलींना असं खेड्यांत धाडलं होतं. खाऱ्या जमिनीत त्यांनी आठ वर्षं कापूस लावला. परत येऊन रेशमाच्या कारखान्यात लागल्या. कोष उकळत्या पाण्यातून काढून त्यांच्या बोटांच्या टोकांची कातडी कायमची गुळगुळीत झाली आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी सरकारी कारखान्यांतून माणसं कमी केली तेव्हा त्यांचीही नोकरी गेली. मग बारा वर्षं पहाटे तीनला उठून सोयाबीनचं दूध विकलं.

यावर कोणता वाक्प्रचार, विचारलं तर म्हणाल्या, "शीक्वान ल." सवय झाली. बस.

आईबद्दल विचारलं तर मात्र चटकन म्हणाल्या, "हान शिन रू खू." आणि मग सांगितलं की शाळेत असताना 'कडू आठवा, गोड ओळखा' अशी मोहीम होती, यी खू स थ्येन. कोंडा आणि रानभाजीचं जेवण मुलांना बसवून खायला घालायचे, जुन्या समाजात गरीब काय खायचे ते कळावं म्हणून. घरी येऊन त्यांनी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, "कोण्या वर्षीचं म्हणतायत ते? दहा वर्षांमागे आपण हेच खाल्लं." आणि लगेच मुलीच्या तोंडावर हात ठेवला. मुका ह्वांगल्येन खातो तसं, असं आयी म्हणाल्या. ह्वांगल्येन ही जहाल कडू औषधी मुळी. मुक्याने ती खाल्ली तर कडू आहे हेही सांगता येत नाही.

मी निघत होते तेव्हा घरपोच सामान घेऊन एक मुलगा आला. आयी त्याला म्हणाल्या, "शिन खू ल." रोज म्हणतात, मी रोज ऐकते, आणि काल पहिल्यांदा नीट ऐकलं. शिन म्हणजे तिखट, खू म्हणजे कडू. तुला फार त्रास झाला, दमलास. आभार मानायच्या जागी इथे हे म्हणतात. तो जिना उतरता उतरता वळून हसला.

तुमच्या आईच्या जात्याचं मी त्यांना सांगितलं, माईआजी. त्यांच्याकडेही दगडी जातं होतं, सोयाबीन दळायचं, उभ्याने ढकलायच्या लाकडी दांड्याचं. त्या विचारतायत, तुमचं जातं बसून फिरवायचं की उभ्याने? आणि एका हाताने की दोन?

---

माईआजी
(बुधवार, रात्री १०:३०)

बसून. एक पाय लांब, एक दुमडलेला. खुंटा एका हाताने, आणि दुसऱ्या हाताने घास टाकायचा. समोर कुणी बसलं तर दोघींचे हात एका खुंट्यावर. आमचं अजून पडवीत आहे. नातू शनिवारी येतो, त्याला फोटो काढून इथे टाकायला सांगते. खुंटा तुटलाय म्हणावं, पण पाळी शाबूत आहे.